भुशाचे पारडू

माझी मुलगी दूध पीत नाही. सात वर्षांची आहे, अंगाने काडी आहे, आणि गेल्या पावसाळ्यापासून पेला समोर आला की तोंड फिरवते. डॉक्टर म्हणाले, नाक दाबून पाजा. तिचे वडील म्हणतात, एक ठेवून दे म्हणजे पिईल. माझा हात उठत नाही. दूध नको म्हणणारी एक बाई मी फार जवळून पाहिली आहे, आणि घराने तिचे पुढे काय केले तेही पाहिले आहे. ती मोठी माणसे, ही लहान पोर, दोन्हींचा संबंध नाही, असे मी स्वतःला सांगते. तरी झोप येत नाही म्हणून लिहिते आहे.

तिचे नाव जसोदाबाई. तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याच्या घरातली सून. माझे लग्न झाले त्याच वर्षी यजमानांची बदली त्या गावच्या शाळेत झाली आणि त्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. मागे जसोदाबाई, तिचा नवरा रतिलाल आणि सासू तापीबाई. शेतात केळी आणि कापूस, गोठ्यात म्हशी. दुधाचा खवा होऊन शहाद्याला जाई. घर कडक शाकाहारी. पहिल्याच दिवशी तापीबाईने उंबऱ्यात उभे राहून मला विचारले होते, "मास्तरीणबाई, आमना घरमा अंडं बी चालत नही. तुम्ही खातस का?"

"नाही हो."

"मास्तर?"

"तेही नाहीत."

"मंग ऱ्हा." एवढ्यावर आमचे बिऱ्हाड ठरले.

ते पारडू मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला दिवस गेलेले होते. सकाळी चहाला दूध आणायला गोठ्यात गेले. रतिलाल धारेला बसला होता आणि चंद्री म्हशीच्या तोंडासमोर एक पारडू उभे होते. ती त्याला चाटत होती, मानेपासून पाठीपर्यंत, पुन्हा मानेपासून. पारडू हलत नव्हते. जवळ गेले तेव्हा दिसले की पायांच्या जागी चार काठ्या आहेत, डोळे दोऱ्याने शिवलेले आहेत आणि पोटाच्या टाक्यातून भुसा बाहेर आला आहे. कातड्यावर मिठाचे पांढरे खडे होते. चंद्री हुंकारत होती आणि चरवीत धार वाजत होती.

ही तिकडची नेहमीची रीत. म्हशीला वगार झाली तर तिला जपायचे, ती उद्याची म्हैस. रेडा झाला तर तो दूध पिऊन संपवणार, म्हणून त्याला पान्हा सुटण्यापुरते तोंड लावू द्यायचे आणि कोपऱ्यात बांधायचे. त्याला कोणी मारत नसे. कोणी त्याच्यावर काठीही उगारत नसे. तो आपला आपण बसत जाई, मग उठत नसे. मेल्यावर कातडी कमावणारा धुडकू येऊन कातडे सोडवी, त्यात भुसा भरून देई, आणि म्हैस आपल्या पिल्लाच्या वासाने पान्हा सोडत राही.

"आम्ही जीव मारतस नही," तापीबाई अभिमानाने सांगे. ते खोटे नव्हते.

दुपारी ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडायला जसोदाबाई माझ्याकडे येऊन बसे. कामाला हात आणि कानाला गोष्ट, असे तिचे होते. पुराणातल्या गोष्टी तिला सगळ्या येत. म्हणून मी तिला नाशिकला कॉलेजात अभ्यासाला असलेल्या जुन्या इंग्रजी भयकादंबऱ्यांच्या गोष्टी सांगू लागले. डोंगरावरचा मोठा गढीसारखा वाडा, त्याचा गोडबोल्या मालक, कुलूप घातलेली खोली, तिच्यात कोंडलेली मुलगी, भिंतीपलीकडून येणारे आवाज. ती मन लावून ऐके. एकदा मध्येच थांबवून म्हणाली, "त्या वाडामा रांधे कोन?"

"म्हणजे?"

"इतला मोठा वाडा. जेवाले काय व्हतं त्यास्नाकडे?"

असा प्रश्न आमच्या वर्गात कधी कोणी काढला नव्हता. आठवून आठवून मी सांगितले की मालकाच्या टेबलावर हरणाचे, कोकराचे मांस असायचे, दिवाणखान्यात शिकारीची मुंडकी टांगलेली असायची. कोंडलेली मुलगी ताट परत पाठवायची. आणि कधी कधी गोष्टीत एखादे असे माणूस असायचे की जे रानात फळेमुळे खाऊन राही, कुणाचा जीव घेत नसे, आणि गाव नेमके त्यालाच भिऊन दगड मारी.

तिने हातातली मिरची खाली ठेवली. "मंग भूत कोन? खाणारा का न खाणारी?"

"गाव म्हणेल, न खाणारी."

"हे पुस्तक बाईनी लिखेल व्हई," ती म्हणाली आणि हसली. त्यातली बरीचशी खरोखरच बायकांनी लिहिलेली होती. तसे मी सांगितल्यावर ती पुन्हा हसली, पण या वेळी आवाज न करता.

त्याच दुपारी तिने मला स्वतःचे सांगितले. आम्ही यायच्या आधी तिला पहिला मुलगा झाला, तो बाळंतपणातच गेला. अंगावर दूध दाटले, ताप भरला. खाटेवरून गोठा दिसे. त्याच आठवड्यात चंद्रीचा आधीच्या वेताचा रेडा मेला होता आणि भुशाचे पारडू नुकतेच उभे केले होते. ती म्हैस त्याला चाटी, पान्हा सोडी. जसोदाबाईच्या उशाशी बाळाचे दुपटे तसेच पडलेले होते. तिने ते छातीशी धरले आणि तिचाही पान्हा सुटला, लुगडे भिजले. "माले समजी गयं, मास्तरीणबाई. तिले फसाडतस आनि आम्ही तेच पेतस." त्या दिवसापासून दूध, दही, तूप काहीच तिच्या घशाखाली उतरले नाही. वर्षभर तिने हे लपवले. वाटी उचलायची आणि मांजरीला घालायची. मग सासूच्या ध्यानात आले.

"निस्ती थेरं," तापीबाई म्हणे. "देवनी पोर दी नही, म्हनीसन दूधवर राग." रतिलाल काही बोलत नसे. तो मुळातच बोलत नसे.

माझी मुलगी जन्मली आणि मला अंगावर पुरेसे दूध नव्हते. मी घाबरून गेले होते. रोज सकाळी चंद्रीचे दूध पाणी घालून, उकळून, जसोदाबाईच आणून देई. मला तोंडातून शब्द काढायला लाज वाटे, तर तीच म्हणे, "पाजा, पाजा. लेकरूले काय ठाऊक." आणि मुलीला मांडीवर घेऊन बसे.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाला चंद्री पुन्हा व्याली. पुन्हा रेडा. जसोदाबाई माझ्या दारात आली, हाताला अजून वार लागलेली होती. "यो मराले नको," एवढेच म्हणाली. तिने दुसरे काही मागितल्याचे मला आठवत नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तिला तो रेडा जिवंत हवा होता.

ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठून त्याला आईला लावी. दिवसा केळीची कोवळी पाने आणून चारी, दुपारी त्याच्याजवळच गवतावर आडवी होई. रेडा तिच्या लुगड्यात तोंड खुपसून झोपे. कोपऱ्यातला रेडा गुटगुटीत होऊ लागला आणि चरवीतले दूध कमी होऊ लागले. हे लपणारे नव्हते. तापीबाईने एक दिवस रेड्याच्या पोटावरून हात फिरवला आणि सुनेकडे पाहिले. भांडण मोठे झाले, पण घरातले घरात राहिले असते.

तशात शेजारच्या कमलीबाईचा नातू गेला. तान्हे बाळ, ताप आला आणि दोन दिवसांत आटोपले. आदल्या आठवड्यात जसोदाबाईने त्याला कडेवर घेतले होते. कमलीबाईच्या दुःखाला तोंड हवे होते. विहिरीवर तिने बायकांना सांगितले, "जी दूध सोडस ती रगत पेस." एवढे एक वाक्य. संध्याकाळपर्यंत ते गावभर झाले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर जसोदाबाईला पाहून बायकांनी लेकरे पदराखाली घेतली. शब्द कोणी उच्चारला नाही, पण डाकीण ठरलेल्या बाईचे काय होते हे त्या मुलुखात सगळ्यांना माहीत होते. यजमान मला म्हणाले, मुलीला तिच्याकडे देऊ नको काही दिवस, लोक आपल्यालाही बोलतील. मी दार लोटून घेतले होते, पण मुलगी तिच्यासाठी रडे, म्हणून पुन्हा उघडले.

तापीबाई सुनेला घालून पाडून बोलणारी, पण घराण्याला डाग तिला सोसणारा नव्हता. तिने ओट्यावर बायका बोलावल्या. कमलीबाई पुढेच बसली. तापीबाईने आतून काशाची वाटी आणली, काठोकाठ दूध.

"पी. सगळास्ना देखत पी. लोकेस्ना तोंडं बंद व्हतीन."

जसोदाबाई भिंतीला टेकून उभी होती. मला वाटले ती नाही म्हणेल. मला वाटत होते तिने नाही म्हणावे, आणि त्याच वेळी भीती वाटत होती की ती नाही म्हणेल. ती सासूला म्हणाली, "पिसू. पन पारडू ऱ्हावाले पायजे."

"पारडूनं काय काढी बठनी आते!"

"त्याले कोनी उपाशी मारावं नही. आन घ्या."

बायका कुजबुजल्या. तापीबाईने मागे वळून चुलीच्या दिशेने हात केला. "चुल्हानी आन. मन्हा घरमा तो उपाशी मराव नही. आते पी."

तिने वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि एका दमात रिकामी केली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांतून पाणी आले, पण तिने तोंडावर पदर धरला नाही. वाटी उलटी करून दाखवली. कमलीबाई उठता उठता म्हणाली, "दूध त मांजर बी पेस. त्याना वरथून काय मांजर गाय व्हस का?" दोघी-तिघी हसल्या. हसल्या म्हणजे भीती गेली. पुढे तिला कोणी काही म्हटले नाही. ओट्यामागे जाऊन ती पोट धरून बसली तेव्हा मी पाठीवर हात ठेवला. "ऱ्हायना ना तो?" ती विचारत होती. "आन घेतली ना?"

"घेतली," मी म्हणाले.

तापीबाईने शब्द मोडला नाही. रेड्याला दूध मिळाले, वर सरकीही मिळाली. तो चांगला वाढला. मग कापसाच्या शेवटच्या वेचणीच्या दिवसांत, जसोदाबाई शेतावर असताना, नंदुरबारच्या बाजाराला जाणारा एक व्यापारी आला आणि दावे हातात घेऊन त्याला चालवत घेऊन गेला. मी खिडकीतून पाहिले. रेडा खुशाल चालत होता. वाटेतल्या केळीच्या सालीशी थांबला, तेवढेच. असले रेडे तिकडून पुढे कुठे जातात हे सर्वांना ठाऊक होते.

संध्याकाळी जसोदाबाई ओटीत कापूस घेऊन आली, गोठ्यात गेली आणि तशीच बाहेर आली.

"उपाशी मरना का?" तापीबाई शांतपणे म्हणाली. "पोट भरीसन गया. आन मोडी का मी?"

जसोदाबाईने ओटी सोडली. कापूस अंगणात पडला. त्या रात्री ती जेवली नाही.

पण चंद्रीला कोण समजावणार? या वेळी भुसा भरायला कातडे नव्हते. तिने पान्हा चोरला. रतिलालला लाथ बसली, चरवी उलटली. दुसऱ्या रेड्याचे जुने कातडे समोर ठेवून पाहिले, तिने हुंगले आणि शिंगाने फेकून दिले. कास दगडासारखी झाली, गरम लागू लागली. ती रात्रंदिवस हंबरत होती. जसोदाबाई माजघरात कानावर हात ठेवून बसली होती. शेवटी तिलाच ते ऐकवेना. ती गोठ्यात गेली, म्हशीच्या तोंडाशी उभी राहिली. तिच्या लुगड्याला रेड्याचा वास होता. चंद्रीने तिला हुंगले, हुंकार दिला, तिचे हात चाटले, आणि कास सैल झाली. रतिलाल धावत चरवी घेऊन आला.

तेव्हापासून दोन्ही वेळ तिला तिथे उभे केले जाई. लुगडे धुवायचे नाही, असे रतिलालने सांगितले. तो तिच्याशी बोलला असे मी ऐकलेले ते पहिलेच वाक्य. वास कमी होऊ लागला तसे तापीबाईने तिच्या हाताला मीठ चोळायला सुरुवात केली. म्हशीच्या जिभेने हाताची कातडी सोलवटली होती, तिच्यावर मीठ.

आमची बदली लोणखेड्याला झाली. गाडीत सामान चढत होते तेव्हा मी मुलीला कडेवर घेऊन गोठ्यात निरोप घ्यायला गेले. ती त्याच लुगड्यात उभी होती, चंद्रीची जीभ तिच्या कोपरावर फिरत होती. मी न राहवून म्हणाले, "तुम्ही का उभ्या राहता? जा ना निघून. माहेर धानोऱ्याला तर आहे."

"जासू. मी हटनी की हिनी कास फुटी जाई." तिने म्हशीच्या कपाळावरून हात फिरवला. "घरना लोकेस्ले मी सोडी देसू, मास्तरीणबाई. पन हिले काय सांगू?"

रतिलाल बाजूला बसून धार काढत होता. धार बारीक झाली तसा तो थांबला आणि त्याने मान वर करून घराकडे पाहिले. तापीबाई मिठाचे मडके घेऊन दारात आली.

जसोदाबाईने दुसरा हात पुढे केला.