मापाच्या दोरीवर ओल्या चादरी

आज माळा आवरताना आर्किटेक्चर कॉलेजमधली माझी नकाशाची जुनी शीट सापडली आणि एकटाच हसत बसलो.

नव्वदच्या सुमारास आम्ही तिघं मित्र ठाकुर्लीतली एक चाळ मोजायला गेलेलो. शीट दुसऱ्याच दिवशी द्यायची होती. अंगणात मापासाठी दोरी ताणली आणि भजी खायला गेलो. परत आलो तर एक काकू दोरीवर ओल्या चादरी वाळत घालत होत्या.

"काकू, ही मापाची दोरी आहे," मी म्हटलं.

"असेल रे. पण ऊन इथंच येतं. ह्यांना महिनाभर सांगतेय, दोरी बांधा म्हणून."

चादरींखालून वाकून मापं घेतली. दोरी काकूंना ठेवली आणि शीटवर चादरीही काढल्या.

आता माझ्या ऑफिसातून निघणाऱ्या फ्लॅटच्या नकाशांत कपड्यांची दोरी कुठेच नसते. खरं सांगा मंडळी, तुम्ही कपडे कुठे वाळत घालता?