यादीतलं पुढचं नाव

“बाई बऱ्या आहेत!”

दर सोमवारी सकाळी खालच्या मजल्यावरचे काका फोन ठेवायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ही घोषणा करायचे. आमच्या ग्लासगोच्या जुन्या दगडी इमारतीत जिना सगळ्यांचा एकच. वरच्या मजल्यावर मी ऑफिसला जायला बूट घालत असायचे, तिथपर्यंत बातमी पोचायची. बाईंच्या ऑफिसात केलेला तो फोन मात्र इंग्रजीत चालायचा, तोही अगदी इथल्या धाटणीचा. “हाउ इज शी कीपिंग?” म्हणजे तब्येत कशी आहे त्यांची. उत्तर बरं आलं की कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा. स्वतः चष्म्यांचं दुकान चालवणारा माणूस, पण फोन करताना चष्मा कायम कपाळावर.

या बाई म्हणजे आमच्या भागाच्या स्कॉटिश संसदेतल्या सभासद. इथल्याच, शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, जाड भुवयांच्या, खणखणीत आवाजाच्या. आणि काका त्यांच्याच पक्षाच्या यादीत त्यांच्या खालोखाल. तुम्ही म्हणाल, आमदाराची जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक. इथे तसं नाही हो. पक्षाला पडलेल्या मतांवर त्याच्या यादीवरून निवडून आलेल्याची जागा मध्येच रिकामी झाली, तर पुन्हा मतदान घेत नाहीत. त्याच यादीतलं पुढचं नाव बघतात, आणि माणूस राजी असेल तर तो सरळ सभागृहात. थोडक्यात काय, बाईंचं काही बरंवाईट झालं तर काका आमदार.

त्यामुळे त्या सोमवारच्या फोनवरून लोक काकांना फार छळायचे. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी हमखास विचारायचं, “काय काका, बाई अजून ठणठणीत का?” काका लालबुंद. “अरे, माणूस आहेस का कोण आहेस तू!” म्हणत ताटातला मोदक तसाच टाकून उठायचे. काकू तो गुपचूप डब्यात भरून आणायच्या. घरी आल्यावर काका तो खायचे, वर तूप मागून.

पण ती जागा त्यांना हवी होती. खोटं कशाला बोलू, फार हवी होती. मुंबईहून ऐन तरुणपणी आलेला, दुकानाच्या काचेवर दगड झेललेला हा माणूस. त्याला एकदा, फक्त एकदा, त्या सभागृहात उभं राहून मराठीत शपथ घ्यायची होती. इंग्रजीत घेतली की तीच पुन्हा आपल्या भाषेत घेता येते, हे कळल्यापासून काकांना चैन नव्हतं. रविवारी मला चहाला बोलवायचे, मजकूर पक्का करायला. शपथ इथे राणीशी आणि तिच्यामागून गादीवर येणाऱ्यांशी निष्ठेची असते.

“‘वारस’ म्हणू की ‘उत्तराधिकारी’?”

“दोन्ही म्हणा काका. राणीच्या घरात माणसं पुष्कळ आहेत.”

आतून काकू ओरडायच्या, “आधी दूध आणा, मग राहा राणीशी एकनिष्ठ!”

मग बाई खरंच आजारी पडल्या. मूत्रपिंडाचं दुखणं, एक दिवसाआड डायलिसिस. एकट्या राहायच्या बिचाऱ्या. त्यांना हॉस्पिटलला न्यायचं-आणायचं कुणी? काकांनी! दुकान असिस्टंटवर टाकून हे आपले गाडी काढून तयार. एकदा मीही मागच्या सीटवर होते. रस्ता मोकळा, आणि काका बैलगाडीच्या चालीनं निघालेले. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले.

“अहो, पोचेपर्यंत मी म्हातारी होईन,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही गाडीत असताना नुसता धक्का जरी लागला ना, तर सगळं ग्लासगो म्हणेल मी मुद्दाम केलं,” काका स्टिअरिंग घट्ट धरून म्हणाले.

बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्या ठसक्यानं काकांचा वेग आणखी कमी झाला. मग बाईंनी फर्मावलं, “ते तुमचं पाठांतर म्हणा.” त्यांना सगळं ठाऊक होतं! काका लाजले, आणि सिग्नलला गाडी थांबल्यावर हळूच ती मराठी शपथ म्हणू लागले. हा दोघांचा नेहमीचा खेळ होता म्हणे.

त्या हिवाळ्यात बाईंनी त्यांना गाडीतच सांगितलं, “मी राजीनामा देते आहे. आता झेपत नाही. तुम्ही तयारीत राहा.”

जिन्यात काकांनी मला हे सांगितलं तेव्हा मी उडीच मारली. “काका! पेढे!”

“मी नको म्हटलं.”

“काय?”

“म्हटलं, जागा सोडू नका. एडिनबराला, सभागृहात, मी नेतो तुम्हाला. दमलात तर कागद वाचून दाखवतो.”

माझं टाळकंच सरकलं. “अहो, डोकं फिरलंय का तुमचं? इतकी वर्षं वाट बघितलीत! पुढच्या यादीत कोण वर घेणार आहे तुम्हाला?”

“कुणी नाही,” काका म्हणाले. “पण पोरी, सकाळी उठायला त्यांना तेवढं एकच कारण उरलंय. ते मी कसं काढून घेऊ?”

चष्मा कपाळावर होता आणि डोळे भरलेले. मी तशीच पाय आपटत वर गेले. त्या पायरीशी आले की आजही मला त्यांचा राग येतो, आणि लगेच इतकी आठवण येते की जिना संपता संपत नाही.

बाईंनी मुदत पूर्ण केली. मूत्रपिंड मिळालं, हळूहळू बऱ्याही झाल्या. नव्या यादीत काकांचं नाव पार तळाला होतं. तरी पक्षाची पत्रकं त्यांनी जिने चढून चढून वाटली. पुढच्या उन्हाळ्यात काका दुकानातच गेले. हृदयविकाराचा झटका, एकच.

अंत्यविधीला बाई काठी टेकत आल्या. भाषणबिषण काही केलं नाही. माझ्याजवळ येऊन, एकेक मराठी शब्द जपून उचलत म्हणाल्या, “मी शपथ घेतो की...”

आणि थांबल्या. “मला एवढंच येतं. सिग्नल हिरवा झाला की ते गप्प व्हायचे. पुढे काय आहे?”

मी त्यांना पुढचं सगळं म्हणून दाखवलं, वारस आणि उत्तराधिकाऱ्यांसकट.

आता सोमवारी सकाळी खालच्या घरात फोन वाजतो. बाईच करतात. “हाउ आर यू कीपिंग?” काकू आपल्या मोडक्या इंग्रजीत दोन वाक्यं बोलतात आणि ठेवतात. मी वर बूट घालत असते. पहिल्या सोमवारी फोन ठेवल्यावर काकूंनी सवयीनं बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. अजूनही मारतात.

“अहो, बाई बऱ्या आहेत!”