खिशातले कार्ड

मी पदवीधर झालो तो देसाई मास्तरांमुळे. निपाणीजवळच्या आमच्या शाळेत अंकगणिताचे पुस्तक एकच होते. मास्तर ते प्रत्येकाला पाव तास देत आणि गणित अर्धे राहिले तरी काढून घेत. त्याचा राग मी पोलीस खात्यात आलो तरी गेला नव्हता. तो ज्या तपासात गेला, तो अजून कालचा वाटतो.

साठचे दशक संपत आले होते. बंगळूरात यशवंतपूरच्या बाजूला एका संशोधन संस्थेत खोलीभर पसरलेला संगणक होता. आमच्या ठाण्यात निनावी पत्र आले की, तिथला यंत्रचालक एका शास्त्रज्ञाचे काम मुद्दाम बंद पाडतो. पाठोपाठ त्या शास्त्रज्ञांची लेखी तक्रारही आली. त्यांचे काम नऊ वेळा अर्धवट परत आले होते. दोघांचे पूर्वी भांडण झालेले. चालकाला निलंबित केले होते आणि आमचा अहवाल विरुद्ध गेला तर त्याची नोकरी जाणार होती.

चालक बंगळूरच्या जुन्या मराठी घरातला, पन्नाशीचा. चौकशीला बसताच म्हणाला, “मीच थांबवलं असतं तर अण्णा, मशीननं टाइप केलेले कागद जपून ठेवले असते काय?”

“साहेबांना अण्णा म्हणतोस?” हवालदार खेकसला.

“सरी, बरं, साहेब म्हणतो. पण कागद स्वल्प बघा तरी.”

ते कागद मी ठाण्याच्या डायरीसारखे वाचले. प्रत्येक काम कधी सुरू झाले, कधी संपले, याची नोंद यंत्राने स्वतः केली होती. शास्त्रज्ञांच्या कामापुढे नऊही वेळा एका मिनिटानंतर शेरा होता: वेळमर्यादा संपली.

“मर्यादा कशाला?” मी कुतूहलाने विचारले.

“एखादं काम चुकलं तर गोल गोल फिरत बसतं, साहेब. सबंध दिवस! बाहेर पन्नास जण ताटकळत. म्हणून किती मिनिटं हवीत ते आधीच सांगायचं. तेवढी झाली की मशीन त्याला बाहेर काढतं, पुढच्याला घेतं. मोठ्या साहेबांचं काम असलं तरी.”

पण काम देताना शास्त्रज्ञांनी भरलेल्या अर्जावर तीस मिनिटे लिहिली होती.

“तीस मागितली, एक मिळाली. मधली कोणी कापली?”

त्याने मान खाली घातली. “तेच मला कळेना.”

खोटे बोलणारा माणूस अशा जागी काहीतरी उत्तर देतो. याने सरळ ‘कळेना’ म्हटले. तिथे माझा त्याच्यावर विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी संस्थेत चालक आणि दोन पंचांसमोर मी शास्त्रज्ञांना, यंत्राला काम सांगणाऱ्या कार्डांचा त्यांचा गठ्ठा नेहमीसारखा लावायला सांगितला. त्यांनी भोके पाडलेली कार्डे नीट जुळवली. मग सदऱ्याच्या खिशातून कोपरे मऊ झालेले एक कार्ड काढून सर्वांत वर ठेवले.

“हे खिशातलं काय?”

ते लाजले. “प्रशिक्षणवर्गात माझं पहिलं काम या कार्डावर बिनचूक चाललं. तेव्हापासून हेच वर ठेवतो. शुभ आहे.”

वरच्या कार्डावर मालकाचे नाव आणि हवी असलेली मिनिटे भोकांनी नोंदलेली असतात. चालकाने ते खिडकीच्या उजेडात धरले आणि भोके मोजली.

“एक मिनिट! वर्गातल्या धड्यापुरतं!”

यंत्र अर्ज वाचत नव्हते, भोके वाचत होते. आधीची छोटी कामे मिनिटात उरकत. हे पहिलेच मोठे होते. रोज शेकडो गठ्ठे घालणारा चालक भोके कशाला वाचेल?

“नऊ वेळा मला चोर केलंत,” तो म्हणाला, “आणि चोर तुमच्या खिशात!”

नवे कार्ड लावले. काम शेवटपर्यंत गेले. शास्त्रज्ञांनी सर्वांसमोर त्याची माफी मागितली आणि निलंबन उठले. कोणी केले हे विचारण्याआधी नियम काय होता हे विचारावे, असे मी त्या दिवशी शिकलो. ज्याचे काम कापले जाते, त्याला नियमातही वैरी दिसतो. मलाही दिसला होता. त्याच संध्याकाळी मी पत्र टाकले:

“तीर्थस्वरूप मास्तरांस शिरसाष्टांग नमस्कार. पुस्तक काढून घेतल्याचा राग मी इतकी वर्षे धरला. माझ्यामागे किती मुले ताटकळत होती, ते वळून पाहिलेच नाही. क्षमा असावी. एक कबुलीही देतो. शाळा सुटल्यावर मी खिडकीतून आत शिरून ते पुस्तक वाचत असे. ते रोज टेबलावरच असायचे. मास्तर, ती खिडकी लावायला आपण विसरत होता, की उघडी ठेवत होता? पोलीस म्हणून विचारत नाही. आपला विद्यार्थी.”