पंचवीस हजारांचा धनी

हे बघा, चहा गार झाला तरी चालेल, पण मधेच हसायचं नाही! बावीस वर्षं लोकांची उधारी वसूल करणाऱ्या माणसाने स्वतःचीच कशी माती केली, ते सांगतोय.

नगरला पाइप आणि ठिबकचं सामान विकणाऱ्या दुकानात मी उधारीचा क्लार्क. काम काय? सकाळी यादी घ्यायची आणि एकेकाला फोन लावायचा. पलीकडून उत्तरं तीनच. "टाकलेत की!", "सर्व्हर डाऊन हाय" आणि "शुक्रवारी टाकतो". कोणता शुक्रवार, ते ब्रह्मदेवालाही माहीत नाही. त्यामुळे झालंय काय, 'टाकलेत' म्हणणारा प्रत्येक माणूस मला खोटारडाच वाटतो. त्यात स्वभाव उतावळा. पलीकडे रिंग वाजत असते आणि मी इकडे खुर्चीतून दोनदा उठून बसलेला असतो.

तर मुलीच्या हॉस्टेलचे पंचवीस हजार बुधवारपर्यंत भरायचे होते. नाही भरले तर खोली दुसऱ्या मुलीला! माझ्याकडे खडखडाट. मग सोनईच्या मेहुण्याला, संजूला गळ घातली. त्याचा दुधाचा धंदा, माणूस दिलदार.

"दाजी, खात्याचा नंबर धाडा. सोमवारी सकाळी टाकतो."

मी दुकानात बसल्या बसल्या दोन मिनिटांत धाडला.

सोमवारी संध्याकाळपर्यंत शंभरदा मोबाईल बघितला. खातं कोरडं ठणठणीत! फोन लावला.

"टाकलेत की दाजी, सकाळीच!"

ऐकलंत? टाकलेत की! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी जाऊन बायकोवर डाफरलो, "तुझा भाऊ मला गिऱ्हाइकांची उत्तरं देतोय."

"माझा भाऊ खोटं बोलत नाही."

"यादीतलाही एकही माणूस खोटं बोलत नाही, सुनीता!"

रात्रभर ती माझ्याकडे पाठ करून झोपली आणि मी छताकडे बघत जागा.

मंगळवारी सकाळी दुकानाच्या खात्याचा उतारा काढला, तर त्यात पंचवीस हजार जमा. पाठवणाऱ्याच्या जागी कुठल्याशा पतसंस्थेचं नाव, माणसाचा पत्ताच नाही. आता तुम्ही हुशार, तुमच्या डोक्यात प्रकाश पडला असेल. माझ्या नाही पडला! कारण डोक्यात एकच घोकणं चाललेलं, संजूने फसवलं, संजूने फसवलं.

असे बेवारशी पैसे आले की आमच्या धंद्यात एक नियम असतो. गिऱ्हाइकाला विचारायचं, "तुम्ही किती टाकले?" आपण आकडा सांगायचा नाही. पण मला कुठला दम? कुकाण्याच्या आप्पांची थकबाकी सगळ्यात जुनी, त्यांनाच पहिला फोन लावला.

"आप्पा, ते पतसंस्थेतून पंचवीस हजार आलेत, ते तुमचे का हो?"

 आप्पांच्या आवाजात एकदम असा गोडवा, जसा आठ महिन्यांत कधी आला नव्हता. "व्हय व्हय! आमचंच हायत. लई दिस टोचनी हुती बघा मनाला. पावती धाडा तेवढी."

पाच मिनिटांत पावती पाठवली. वर शेठसमोर जाऊन छाती फुगवून सांगितलं, "आप्पांची जुनी थकबाकी मिटवली!" शेठने माझ्यासाठी भेळ मागवली. आणि मी ती खाल्ली हो!

पोट भरल्यावर संजूला फोन. वसुलीचा आवाज लावून.

"हे बघ, तोंडी चालणार नाही. बँकेत टाकल्याची स्लिप पाठव."

"दाजी, मी काय गिऱ्हाईक हाय का तुमचं?" बिचारा दुखावला. पण फोटो पाठवला.

स्लिप अगदी खरी होती. पंचवीस हजार, सोमवार सकाळ, गावातली पतसंस्था. खाली खात्याचा नंबर. नंबर ओळखीचा वाटला. वाटणारच! दिवसातून तीसदा मीच तो लोकांना धाडतो. दुकानाचा! मेहुण्यालाही सवयीने तोच धाडला होता.

घशाशी भेळ आली. आप्पांना फोन लावला.

"आप्पा, चूक झाली. ते पैसे माझे आहेत."

"असं कसं सायेब? पावती तुमीच दिली. आमी तर मागितलीबी नव्हती."

मागितली होती! पण सांगणार कोणाला?

शेठला सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाला, "दिलेली पावती मागे घेणं दुकानाला शोभत नाही. हॉस्टेलचे पैसे मी देतो. आप्पांनी दिले की तुझा हिशेब मिटला. तोवर उधारी तुझ्या नावावर."

बुधवारी पैसे भरले, खोली मिळाली. संजूची फोनवर माफी मागितली. सुनीता मात्र अजून कोणीही 'टाकलेत' म्हटलं की माझ्याकडे बघते.

पुढच्या सोमवारी यादी हातात घेतली, तर सगळ्यात वर माझं नाव. शेठने केबिनमधूनच हाक मारली, "काय रे, पहिल्या पार्टीला विचारलंस का?"

"विचारलं शेठ," मी मान खाली घालून म्हणालो. "शुक्रवारी टाकतो म्हणतोय."