न पोचलेला निरोप

धुळे सोडून जळगावला आलो, तेव्हा एका केळी व्यापारी शेठसाठी मी प्रोग्राम लिहिला होता. उद्या गाडी येणार की नाही, हे निरोप त्यातून शेतकऱ्यांच्या फोनवर जायचे. एक मुख्य प्रोसेस निरोप वाटून द्यायची, तिच्या हाताखालचे वर्कर, म्हणजे छोटे छोटे प्रोग्रामच, ते पाठवायचे. एखादा वर्कर अडकला की मुख्य प्रोसेस त्याला मारून नवा उभा करी. स्क्रीनवर कायम सगळे वर्कर चालू दिसत, आणि मला त्याचा मोठा अभिमान. मेलेल्याच्या हातात कोणता निरोप होता, हे मात्र नव्याला कोणी सांगत नव्हतं. तेवढं लिहायचं मी पुढे ढकललं होतं.

केळीवाल्यांची एक रीत मला ठाऊक नव्हती. एकदा गाडी ठरली, की नंतर काही कळलं नाही म्हणजे ती येणारच. चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याची गाडी रद्द झाली आणि नेमका तोच निरोप मेलेल्या वर्करबरोबर गेला. त्यांनी घड कापले. माल दिवसभर बांधावर उन्हात पडून राहिला.

शेठनी विचारलं, तेव्हा खरं काय ते माझ्यासमोर स्क्रीनवर होतं. "नेटवर्क नसेल, शेठ," मी म्हणालो. शेठनी शेतकऱ्याला सांगितलं, "भाऊ, तुमचाच फोन बंद असेल." फोन असायचा त्यांच्या बायकोकडे.

प्रोग्राम मी लगेच सुधारला. पोचल्याची खूण वर्करकडून आल्याशिवाय निरोप संपला असं धरायचं नाही. वर्कर मेला तर नव्या वर्करने तोच निरोप उचलायचा. कधी एकच निरोप दोनदा जाई. "माझा सासरा बसवलाय की काय आत? तोही सगळं दोनदा सांगतो," शेठ म्हणायचे. मी हसायचो. खरं कारण मात्र सांगितलं नाही.

परवा त्याच शेतकऱ्याच्या गावात लग्नाला गेलो. वरणबट्टी वाढणाऱ्या एका बाईंना पंगतीतून कोणी म्हणालं, "अक्का, आज तरी फोन चालू शे ना?" सगळे हसले. मी शेजाऱ्याला विचारलं, आणि त्याने अक्कांनी फोन बंद ठेवल्यामुळे केळी उन्हात पडल्याचा किस्सा रंगवून सांगितला.

मी उठून त्यांच्यामागे गेलो. "अक्का, फोनचा दोष नव्हता. चूक माझी होती." सगळं सांगितलं.

"मी तवयच सांगं व्हतं. कोनी आयकं नही." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "माले नका सांगू. त्यासले सांगा. आठेच, बठ्ठास्ना म्होरे."

त्यांचा नवरा पंगतीतच होता. तिथेच, सगळ्यांसमोर, नेटवर्कचं मी खोटं बोललो होतो, हे आधी सांगितलं, बाकीचं मग. नवऱ्याने मान वर केली नाही. त्या मात्र पदराला हात पुसत त्याच्याकडेच बघत उभ्या होत्या.