तळ्याकाठची सोमवारची फेरी

सोलापुरातून नदी जात नाही. ती शहराबाहेर, मंद्रूपच्या वाटेवर पुलाखाली भेटते. शहराच्या वाट्याला तळी आली, आणि त्यातल्याच एका तळ्याच्या काठाने सायकलींसाठी फरशीची वाट केली आहे. चढ नाही, खड्डा नाही, रिक्षा नाही. एका अंगाला कठडा आणि पाणी, दुसऱ्या अंगाला बाकडी. अप्पांना तिथं न्यायचं मीच ठरवलं होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. धान्याच्या अडतीवर ते तोलार आहेत, दिवसभर काट्याशेजारी बसून असतात. त्यांना साखरेचा आजार निघाला तेव्हा दवाखान्यात सोबत मी होते. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, काय खायचं नाही ते सांगितलं, रोज थोडा व्यायाम करा म्हणाल्या. अप्पा त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. घरी आल्यावर आई म्हणाली, "आता हिलाच इचारायचं सगळं. कॉलेजात हाय की."

मी कॉमर्सला आहे. पण आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिलीच, त्यामुळे जे जे छापील असतं ते माझ्याकडे येतं. मी सांगताना आवाज ठाम ठेवते. चुकलं तर काय, हे मनातल्या मनात चालू असतं.

पहिले काही दिवस बरे गेले. अप्पा पायजमा घोट्यापाशी दुमडून जुनी काळी सायकल चालवायचे आणि पुढे कुणीही दिसलं की घंटी वाजवायचे. बूट घालून पळणाऱ्यांना, फोटो काढणाऱ्या जोडप्यांना, कठड्यावरच्या कबुतरांनासुद्धा. लोक वळून बघायचे. मी मागून यायचे आणि मान खाली घालायचे.

"अप्पा, वाट रिकामी आहे. घंटी कशाला?"

"कळाय नको त्यास्नी, कोन येतंय ते?"

सोमवारी मी कॉलेजातून थेट तळ्यावर गेले. अप्पा अडतीवरून आले होते. आम्ही निघालो, आणि थोड्या वेळाने मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय ते कळेना. समोर मुलांचा घोळका होता, तो आपणहून बाजूला झाला. तेव्हा लक्षात आलं, घंटी वाजत नव्हती.

मी वेग वाढवला. अप्पांचा सदरा पाठीला चिकटला होता. वारा असूनही. सायकल हळूहळू कठड्याकडे सरकत होती आणि ते ती सरळ करत नव्हते. मी माझी सायकल तशीच सोडली आणि त्यांचं हँडल धरलं.

"अप्पा, उतरा."

"का? बराय की मी." पण हात थरथरत होते.

जवळच्या चहाच्या गाड्यापर्यंत त्यांना कसंबसं आणलं आणि बाकड्यावर बसवलं. विचारलं, "दुपारी काय खाल्लं?"

"सोमवार हाय."

सोमवारचा उपवास त्यांचा लहानपणापासूनचा. संध्याकाळची पूजा झाली की सोडायचा. "उपवासाचं तरी काही?"

"शाबू तू बंद केलास. बटाटा बंद, केळ बंद. मग ऱ्हायलं काय? पानी पिलो."

"आणि गोळी?"

"गोळी कशी चुकवीन? सकाळीच घेतली."

म्हणजे त्यांनी देवाचंही ऐकलं होतं आणि माझंही. माझ्या डब्यात अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी उरली होती. मी घास पुढे केला. त्यांनी तोंड फिरवलं. "उपास सुटाय हाय अजून. त्यात लसूण हाय."

मग चहा. अप्पा सवयीने म्हणाले, "बिनसाखरेचा."

"नाही. साखर घाला, भरपूर," मी म्हणाले.

चहावाले चाचा थांबले. "इनकू शुगर है ना? शुगरवालेकू शक्कर? कुछ हो गया तो?"

गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर फार उतरते; घाम आला, हात कापायला लागले तर लगेच साखर द्यायची, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. म्हणाल्या होत्या ना? की मी कुठे वाचलं होतं? एवढे दिवस आम्ही घरातून साखरेचा डबा हद्दपार केला होता. आता मीच ती चमच्याने घालायला सांगत होते, आणि विचारायला आजूबाजूला माझ्याहून जास्त शिकलेलं कुणी दिसत नव्हतं.

"घाला चाचा. मी सांगते ना."

त्यांनी घातली. मी कप अप्पांच्या ओठाला लावला. पहिल्या घोटाला त्यांनी डोळे मिटले आणि मी कप ओठापासून जरा मागे घेतला.

"गोड हाय," ते म्हणाले. "लई दिसांनी."

दुसरा कप त्यांनी स्वतः धरला. हळूहळू हात स्थिर झाले, चेहऱ्यावर रंग आला. वाटेवर आडव्या पडलेल्या माझ्या सायकलीकडे बघून म्हणाले, "घाबरलीस व्हय?"

"नाही."

"मग सायकल का आपटलीस? तिनं काय केलंय?"

चाचा हसले. मला हसू येईना.

परतताना आम्ही सायकली हातात धरून चालत होतो. मी सारखी त्यांच्या कपाळाकडे बघत होते. ते म्हणाले, "आता सांग. फुडच्या सोमवारी गोळी सोडू का उपास?"

मी उत्तर जुळवायला लागले. आवाज ठाम करायला गेले आणि जमलं नाही.

"मला माहीत नाही, अप्पा. विचारू या."

घरात मी हे कधी म्हटलं नव्हतं. अप्पा चालता चालता थांबले. वाटलं, आता यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला. ते एवढंच म्हणाले, "विचारू की. त्यात काय."

दवाखान्यात या वेळी मी गप्प बसले आणि सोमवारचं अप्पांनीच सांगितलं. आता त्या दिवसाची गोळी आणि खाणं वेगळं ठरलं आहे. देवाला ते चालेल, असं अप्पांनी स्वतःच ठरवलं.

वाट तीच आहे, सपाट आणि सोपी. माझ्या पिशवीत साखरेची पुडी असते. अप्पा पुढे असतात, कबुतरांना घंटी वाजवतात, लोक वळून बघतात. आता मी मान खाली घालत नाही. घंटी जरा वेळ थांबली की माझे पाय जोरात चालायला लागतात.