हद्दीबाहेरचे ट्रक

"मॅडम, तुमच्या पुण्यातली गर्दी आमच्या दारात आणून लावली, व्हय?"

लोणी काळभोरजवळ सोलापूर रस्त्याच्या कडेला उभी राहून मी हे ऐकत होते. विचारणारे दत्तू नाना. साठीचे, धोतर-टोपीतले शेतकरी. त्यांच्या मागे ऊस होता आणि माझ्या मागे ट्रक. सिमेंटचे, सळयांचे, फरशांचे, कंटेनरवाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, नजर पोचेल तिथपर्यंत. ड्रायव्हर चाकांच्या सावलीत झोपले होते. काहींनी उसाच्या बांधावर स्टोव्ह मांडले होते.

नाना म्हणत होते ते खरं होतं.

मी महापालिकेत इंजिनिअर होते. काम वाहतूक नियोजनाचं. म्हणजे सिग्नल कुठे लावायचा, रस्ता कुठे वन-वे करायचा, कोणतं वाहन कधी कुठून जाऊ द्यायचं, ते ठरवून वर पाठवायचं. देशाचा बाजार खुला झाला, पाठोपाठ आयटी कंपन्या आल्या, आणि पुणे चारी अंगांनी वाढायला लागलं. काचेच्या इमारती सगळ्यांना दिसतात. त्या इमारतींची वाळू, सिमेंट, काच, लिफ्ट, सगळं ट्रकनेच येतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. ते ट्रक शाळेच्या रिक्षा, पीएमटीच्या बस आणि लाखो स्कूटर यांच्यामधूनच वाट काढत होते.

म्हणून दिवसा शहरात जड वाहनांना नो एंट्री आली. सकाळी ऑफिसला जायच्या वेळेला बंदी आणि संध्याकाळी परत यायच्या वेळेला बंदी. मधली दुपार मोकळी. प्रस्ताव माझ्या टेबलावर तयार झाला होता. त्यात मी एक कलम घातलं होतं, की बंदीआधी शहराच्या वेशीवर ट्रक टर्मिनल हवं. टर्मिनल म्हणजे ट्रक थांबायची जागा. पार्किंग, पाणी, संडास, चहा-जेवण. ट्रक अडवला तर त्याला कुठेतरी उभं राहावंच लागतं.

साठे साहेब माझे वरिष्ठ. त्यांनी कलम वाचून चष्मा काढला.

"कांबळे मॅडम, जागा कुठाय?"

"बघावी लागेल, सर."

"बघा की. सावकाश बघा. तोवर लोकांनी मरायचं का? बंदी आधी, टर्मिनल मागाहून."

त्यांचंही चूक नव्हतं. मी विश्रांतवाडीत राहत होते. आळंदी रस्ता ओलांडून माझी आई रोज विहारात जायची. ट्रकच्या भीतीने तिने ते बंद केलं होतं. बंदी लागू झाली आणि आई पुन्हा एकटी जायला लागली. शहरातले अपघात कमी झाले. पेपरात कौतुक आलं. साहेबांनी पेढे मागवले.

मग लोणीच्या कॉलेजकडून रस्त्यावरच्या ट्रकांबद्दल तक्रार आली. त्या भागाशी आमचा संबंध नाही, असं उत्तर टाइप होऊन माझ्याकडे सहीला आलं. सही करण्याआधी एकदा बघून यावं म्हणून मी गेले, आणि नाना भेटले.

तक्रार केली होती नानांच्या मुलीनेच. तिचं नाव मंगल. त्याच कॉलेजात ती केमिस्ट्री शिकवायची. सडपातळ, चटपटीत, बोलण्यात कुठेही आढेवेढे नाहीत.

"ट्रक उभे असतात त्याचा त्रास आहेच," ती म्हणाली. "पण खरी भीती ते सुटतात तेव्हाची आहे. दुपारी थांबून बघा."

मी थांबले. बंदी संपायची वेळ आली तशी इंजिनं सुरू झाली. धुराने रस्ता काळा झाला. आणि मग एकदम सगळे निघाले. मागचा पुढच्याला ओलांडायला बघत होता, कारण गोदामात जो आधी पोचेल त्याचा माल हमाल आधी उतरवणार. उशीर झाला की संध्याकाळच्या बंदीत आणखी एक मुक्काम. त्यामुळे ट्रक उलट्या बाजूने धावत होते. समोरून कॉलेज सुटलेली मुलं सायकलींवर येत होती. ती सायकली घेऊन चक्क रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरून उभी राहिली. रोजची सवय असल्यासारखी.

आमच्या भाषेत याला प्लाटून म्हणतात, वाहनांचा एकगठ्ठा जथा. सिग्नल सुटल्यावर स्कूटरींचा होतो तसा. हा जथा दहा टनांच्या गाड्यांचा होता आणि तो आमच्या घड्याळाने तयार केला होता.

ऑफिसात परत येऊन मी साहेबांना सांगितलं. त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

"तो नकाशा कशासाठी लावलाय?"

"हद्द दाखवायला, सर."

"लोणी त्यात आहे?"

"नाही."

"मग तुम्ही तिथे कशाला गेला होता? फिरायला?"

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी खरोखरच लोणीला फिरायला गेले. नानांच्या घरासमोर, रस्त्याला लागून त्यांचं एक शेत पडीक होतं. जमीन कडक, मुरमाड. आत जायला फाटक एकच. ते फाटक बघून मला कल्पना सुचली. ट्रक शेतात थांबले तर रस्ता मोकळा राहील. शिवाय एकाच फाटकातून बाहेर पडताना एकावेळी एकच गाडी निघणार. फाटकावर माणूस उभा करून दोन गाड्यांत अंतर ठेवलं, की जथा मोडला.

नानांना विचारायचं धाडस मला होईना. मंगलनेच विचारलं. नानांनी बराच वेळ तंबाखू मळली.

"पडीकच हाय," ते म्हणाले. "पण हिरीजवळ कुणी आंघुळ करायची न्हाई. आन बाईमाणसाकडं बघून गाणी न्हाई म्हणायची."

ड्रायव्हरांनी दोन्ही अटी मान्य केल्या. झाडाची सावली आणि हौदाचं पाणी मिळतंय म्हटल्यावर ते आपणहून आत यायला लागले. दुपारी नाना लाल फडकं घेऊन फाटकावर उभे राहायचे. एक गाडी सोडायची, ती वळणापलीकडे गेली की दुसरी. घाई करणाऱ्याला म्हणायचे, "लग्नाला निगालाय का? थांब की." परगावचे दांडगे ड्रायव्हर त्यांना चाचा म्हणून थांबायचे. कॉलेजची मुलं रस्त्यावरून सायकल चालवायला लागली. सरकारी कागदावर यातलं काहीच नव्हतं. मी सुट्टीला जाऊन बघून यायचे आणि मनात म्हणायचे, चाललंय तोवर चालू दे.

ते वर्षभर चाललं.

शेत नानांच्या एकट्याचं नव्हतं. तीन भावांचं सामाईक होतं. गोदामं बांधणारी एक कंपनी रस्त्यालगतच्या जागा शोधत आली. नानांचा पुतण्या मगरपट्ट्याकडे आयटीत नोकरीला होता. तो मोटरसायकलवरून आला तेव्हा मी तिथेच होते.

"काका, लोकेशन प्राइम आहे. अशा जागेत तुम्ही फुकट ट्रक लावताय?"

"लोकं मरत्यात रस्त्यावर."

"ते गव्हर्नमेंटचं काम आहे. या मॅडमना विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ते गव्हर्नमेंटचंच काम होतं. मी पुन्हा साहेबांकडे गेले. ही जागा भाड्याने तरी घ्या, असं मी म्हणाले. हद्दीबाहेर पैसा खर्च करता येत नाही, असं उत्तर आलं. मग जिल्ह्याच्या ऑफिसात गेले. ट्रक तुमच्या बंदीमुळे थांबतात, तुम्हीच बघा, असं उत्तर आलं. दोन्ही उत्तरं नियमाला धरून होती.

नाना दोन भावांपुढे एकटे पडले. विक्रीच्या कागदावर त्यांनी अंगठा दिला त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं मंगलने मला फोनवर सांगितलं. फाटक काढून पत्र्याचं कुंपण झालं. ट्रक परत रस्त्यावर आले. गोदामाच्या बांधकामासाठी लागणारे ट्रक त्यात आणखी वाढले. नाना काही दिवस फडकं घेऊन रस्त्यावर उभे राहिले, पण तिथे त्यांचं कोण ऐकणार? गाड्या दोन्ही बाजूंनी सुटत होत्या.

त्याच उन्हाळ्यात मंगल परीक्षेचं काम आटोपून दुपारी स्कूटीवरून घरी येत होती. बंदी नुकतीच सुटली होती. फरशांचा एक ट्रक पुढच्याला ओलांडत तिच्या बाजूला आला. ती खड्ड्याकडे वळली, पण खड्ड्याच्या कडेला आधीच एक कंटेनर उभा होता. दोघांमध्ये ती सापडली.

जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा नाना बाहेर बाकावर बसले होते. मला बघून त्यांनी टोपी सारखी केली. बाकावर सरकून जागा करून दिली. मी त्यांच्याशेजारी बसले. ते रागावले असते, ओरडले असते, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

मंगल जागी होती. चेहरा पार उतरलेला.

"मॅडम, एक विचारू? खरं सांगा. बंदीमुळे पुण्यात माणसं वाचली का?"

"वाचली," मी म्हणाले. "माझी आई आता रोज एकटी रस्ता ओलांडते."

तिने मान हलवली. "मग बंदी बरोबरच होती." मग तिने विचारलं, "मी कुठल्या आकड्यात धरली जाईन?"

मला माहीत होतं. पुण्याच्या आकड्यात नाही.  मी न सांगताही तिला ते कळलं असावं, कारण तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

अपघातानंतर मात्र हालचाल झाली. कॉलेजची मुलं रस्त्यावर बसली, मग सगळ्या खात्यांची मीटिंग झाली. दुपारी सगळ्या ट्रकना एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडायचं ठरलं. नानांचं फाटकावरचं काम आता पोलिसांनी करायचं, एवढाच त्याचा अर्थ. साठे साहेबांनी ही सूचना आमच्या विभागाच्या नावे मांडली, आणि मीटिंग संपल्यावर जिन्यात मला म्हणाले, "तुम्ही आधीच सांगितलं होतं, नाही का?" मी हो म्हणाले. ते उतरून गेले. टर्मिनलची जागा शोधणं चालू होतं. मी रिटायर झाले तेव्हाही चालू होतं.

मंगल जयपूर फूट लावून पुन्हा शिकवायला लागली. कॉलेजला ती नानांच्या सोबतीने जायची. रस्ता ओलांडताना ती थांबली की नाना तिच्यापुढे जाऊन उभे राहायचे, असं तिच्या कॉलेजातल्या एका बाईंनी मला सांगितलं. मी ते बघायला गेले नाही.

नंतर नोकरीत लागलेली पोरं मला कधीकधी सल्ला विचारतात. मी त्यांना एवढंच सांगते, की अमुक रस्ता मोकळा केला, असं रिपोर्टात लिहू नका. त्यावरची गर्दी कुणाच्या दारात नेऊन ठेवली, ते लिहा.